कुत्र्याचा घास

४ जानेवारी २००८, शुक्रवार

ही डायरी यवतच्या खताच्या दुकानात फुकट मिळाली. वरती टोमॅटोचं चित्र हाय आन् आत पानापानाच्या तळाला कुठली फवारणी कवा करायची ते. माझ्याकडं ना टोमॅटो, ना रान. हनुमंत म्हणाला, "चौथीत शाळा सोडलेल्यानं काय लिहायचं असतंय रं?" हनुमंत माझा खोलीवाला, जालन्याकडचा. दिसंल ते खातो आन् सुचंल ते बोलतो.

लिहायला कारण हाय. भांडगावला ज्या कारखान्यात मी पाकिटं भरतो, तो 'भरणा बाजार'चा. भरणा बाजार म्हंजी मोठी गार दुकानं, जिथं माणूस हातात टोपली घेऊन आपलं सामान आपणच उचलतो. आता त्यांना दुसऱ्यांचा माल इकायचा कंटाळा आलाय. स्वतःच्या नावाचा फराळ आन् स्वतःच्या नावाचं तयार जेवण काढायचंय. नाव ठेवलंय 'ताटवाटी'. पाकिटात ना ताट हाय, ना वाटी.

दुकानात जायच्या आधी ते कुणीतरी खाऊन बघायला पाहिजे. त्यासाठी पुण्याहून हर्षदा मॅडम आल्यात. त्या खाण्याचंच शिकल्यात, कॉलेजात. आमच्यात पोरं हे दीड वर्षाची असताना शिकतात. मॅडमनी पॅकिंगवाल्यांना रांगेत उभं केलं आन् विचारलं, तंबाखू, मिसरी, गुटखा यातलं काहीच न लावणारं कोण हाय? एवढ्या कारखान्यातनं सहाजण निघालो, मी आन् हनुमंत धरून. आमची जीभ हुशार म्हणून न्हाई घेतलं, कोरी म्हणून घेतलं.

आज चकली होती. चकलीनं दाताशी जरा भांडायला पाहिजे. ही तोंडात गेली आन् लगेच माफी मागून पीठ झाली. मॅडम म्हणाल्या, "कशी वाटली?" मी म्हणालो, "चांगली हाय." सहाच्या सहा जण म्हणाले, चांगली हाय.

आबानं शिकवलंय, वाढलेल्या अन्नाला तोंडानं नाव ठेवायचं न्हाई आन् ताटात टाकायचं न्हाई. मेंढरांमागं फिरताना परक्या गावात जे पुढ्यात येईल ते खायचं. नाव ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोण वाढंल? ते बरोबर हाय. पण लिहिताना तोंड मिटलेलं असतंय. म्हणून ही डायरी.

८ जानेवारी

पनीर बटर मसाला. चांदीच्या पिशवीत येतंय, पिशवी उकळत्या पाण्यात टाकायची, मग फाडायची. लाल गोड चिखल आन् त्यात खोडरबराचे तुकडे. चार वर्षं शाळेत गेलो म्हणून खोडरबर ओळखता आलं.

मग कपातला उपमा. वरून गरम पाणी ओतायचं, झाकून ठेवायचं आन् देवाचं नाव घ्यायचं. आईविना कोकराला पाजतात तसलं काहीतरी झालं. कोकरानं तोंड फिरवलं असतं. मी दोन्ही पुसून खाल्लं.

आम्हाला बसायला प्लायवूडचे खण केलेत, एकमेकांची तोंडं दिसू नयेत म्हणून. गोठ्यात गव्हाणी असतात तसे. पलीकडच्या खणातनं नकुशीबाई हळूच म्हणाल्या, "बिरदेवा, हे ज्यानं केलं त्याच्या सासूला जेवायला बोलवा." मॅडम पुढं आल्या तर लगेच, "लई झ्याक हाय, मॅडम."

हनुमंताला मात्र खरंच सगळं आवडतंय. त्याच्या जिभेला आन् बुटाच्या तळव्याला एकच कातडं.

१८ जानेवारी

मॅडमना काहीतरी वहीम आलाय. आज खोलीच्या कोपऱ्यात एक इलेक्ट्रिकचा काटा आणून ठेवला. आमचं खाऊन झालं की प्रत्येकाचं ताट उचलून त्याच्यावर ठेवतात आन् आकडा टिपून घेतात. बोलत काहीच न्हाईत. नकुशीबाईंनी विचारलं, "हे कशाला वो मॅडम?" तर म्हणाल्या, "काही नाही, तुम्ही खा."

काय न्हाई म्हंजी काय. ताटं मोजतात म्हंजी सँपल खिशात घालतोय का बघतात. रानभर मेंढरं चारली पण कुणाच्या उसाचं कांडं मोडलं न्हाई आमच्या घरानं. आन् ही बाई मला तसल्या उपम्याचा चोर समजतीया. फुकट दिला तरी घरला न्यायचा न्हाई मी.

आता एक शीत ठेवणार न्हाई. मोजा म्हणावं.

२२ जानेवारी

आज डायरीला काम न्हाई. पिठलं होतं.

सैपाकघरात धुरपदाआक्का म्हणून एक खुटबावची बाई हाय, रोजावर. सँपलं शिजवायचं काम तिच्याकडं. मॅडम तिला म्हणाल्या, तुझ्या हातचं एक काहीतरी कर. तिनं हरभऱ्याचं पीठ लसूण-मिरचीवर तेलात खमंग परतून कोरडं केलं. आता ते पाकिटात भरता येतंय, पाणी घालून एक उकळी आणली की पिठलं. बरोबर चतकोर भाकरी.

पहिला घास मोडला आन् हात आपोआप ताटाच्या कडेला गेला. आमच्यात चांगल्या जेवणातला पहिला घास कुत्र्याचा असतो. रातभर मेंढरं तो राखतो, म्हणून आपल्या आधी त्याचा मान. उरलेलं, इटलेलं, नावडीचं त्याला घालायचं न्हाई. आबा म्हणतो, आपल्याला गोड लागलं न्हाई ते खंड्याला कशाला? मेंढरं इकून आबा आता आटपाडीला दुसऱ्याचं रान कसतोय, पण खंड्याचा घास अजून निघतो. इथं कारखान्याच्या गेटवर पिवळी कुत्री हाय, तिला देतो मी, डब्यात काही बरं असलं तर. त्या गव्हाणीत बसल्यापासून माझा हात कडेला कवा गेला नव्हता. आज गेला.

घास घेऊन उठलो तर मॅडम म्हणाल्या, "इथलं काहीही बाहेर न्यायचं नाही." सँपल केवढं, तीन घासांचं, त्यातला एक ताटाच्या कडेलाच राहिला. राहू दे. उघड्यावर हाय, म्हंजी चोरीचा आळ तरी यायचा न्हाई.

"कसं वाटलं?" म्हणाल्या. मी म्हणालो, "चांगलं हाय." चकलीला जे म्हणालो तेच. दुसरा शब्द कुठनं आणू?

२९ जानेवारी

नळावर धुरपदाआक्का भेटली. तिच्या नवऱ्यानं दुसरी केली, तवापासनं ती लेकीला, धनश्रीला घेऊन भावाकडं राहते. म्हणाली, "भाऊ चांगला हाय. वहिनी बी वाईट न्हाई. पण मागल्या चार वर्षांत मी त्या घरात दुसऱ्यांदा वाढून घेतलं न्हाई. एकदा वाढलं ते खायचं आन् भूक न्हाई म्हणायचं. आता धनश्री बी तसंच म्हणाया लागलीया. आठ वर्षाची पोर, आन् म्हणती, भूक न्हाई."

मॅडमनी तिला सांगितलंय, पिठलं पसंत पडलं तर सैपाकघर तिच्या हातात, कायमची नोकरी. मग यवतला खोली घेणार, दोघींची. न्हाई पडलं तर सँपलं संपली की तिचं कामबी संपलं.

"पडंल का रं पसंत?" म्हणाली.

मी म्हणालो, "आक्का, ह्या लोकांना खोडरबर पसंत पडतंय, तुझं तर पिठलं हाय."

ती हसली न्हाई.

५ फेब्रुवारी

आता पिठली दोन झाली. एक नंबर मुंबईच्या कुठल्यातरी कंपनीची पावडर, दोन नंबर आक्काचं.

एक नंबरात साखर हाय. पिठल्यात साखर. दुधाची भुकटी बी हाय. लसणाचा नुसता वास मारलाय, जसा एखादा गडी तालमीच्या बाहेरनं चालत जाऊन पैलवान म्हणवून घेतो. ज्यानं हे केलं त्यानं पिठलं कवा खाल्लं न्हाई, कुणीतरी त्याला फोनवर सांगितलंय. सगळं खाल्लं. ताट एवढं पुसलं की धुवायला नको.

आक्काच्यात कुत्र्याचा घास काढला. बाकी खाल्लं.

मॅडम काट्यावरचे आकडे बघून मान हलवत होत्या. काहीतरी ठरलं असणार. आक्काचं काम झालं म्हणायचं.

१५ फेब्रुवारी

परत दोन्ही पिठली. परत साखर. पाण्यात भिजलेला पेढा भाकरीबरोबर कुणी खाल्ला असंल तर त्याला ही चव ठावी असंल.

ह्या आठवड्यात तेवढंच. पिवळीला काविळीसारखं झालंय वाटलं होतं, पण ती रंगानंच तशी हाय. सुरतला साडीच्या मिलमध्ये भरती हाय म्हणतात. जावं काय? एका जागी सहा महिने झाले की माझे पाय खाजवाया लागतात.

१९ फेब्रुवारी

एक नंबर पसंत पडला. साखरेचा.

नोटीस लागली न्हाई, मॅडमनीच सैपाकघरात जाऊन सांगितलं. महिनाअखेरीला आक्काचं काम बंद. मी ऐकलं आन् मला हसूच आलं. एवढं शिकून, काटे लावून, खण करून हे निवडलं? ह्यांच्यापेक्षा आमच्या मेंढरांना कळतंय, ती निदान हुंगून पुढं जातात. पॅकिंगमध्ये दिवसभर सगळ्यांना हेच सांगत फिरलो. दुपारी आक्का समोर आली तर तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई.

२० फेब्रुवारी

संध्याकाळी आक्का आमच्या खोलीवर आली. हनुमंत भाकरी बडवत होता. ती उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली.

"बिरदेवा, एक इचारू? मी तुझं काय वाकडं केलं?"

मी म्हणालो, "आक्का, काय झालं?"

"मॅडमनी मला आकडे दाखवले. पाचजणांची ताटं दोन्ही येळंला सारखीच, चाटून पुसून. त्यातनं काय कळंना. एकट्या तुझ्या ताटात फरक. मुंबईचं पुसून खायाचास आन् माझं टाकायचास. परत्येक येळंला. त्या म्हणाल्या, तोंडानं तर सगळीच चांगलं म्हणतात, म्हणून मी उरलेलं मोजते. आन् उरतंय ते तुझंच, धुरपदा."

हनुमंताचा भाकरीवरचा हात थांबला. मला आधी कळलंच न्हाई. काटा चोरीसाठी हाय ना? मग हळूहळू कळाया लागलं आन् मी खाली बसलो.

"टाकत नव्हतो आक्का. कुत्र्याचा घास काढत होतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. "म्हंजी पहिला?"

"पहिला."

"आन् मुंबईच्यात?"

"त्यातला कुत्र्याला कोण घालंल?"

आक्का उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतीया, तर हसत होती. मग खरंच रडाया लागली. हनुमंतानं तिला तांब्या दिला आन् मला म्हणाला, "चौथी शिकलास म्हणून वाचलास. पाचवी शिकला असतास तर कारखानाच बुडवला असतास."

२२ फेब्रुवारी

आक्का मला मॅडमकडं घेऊन गेली. मीच सांगायचं असं ठरलं. मी म्हणालो, "मॅडम, ते पिठलं मी कुत्र्यासाठी ठेवलं होतं."

मॅडमचं तोंड कडू झालं. "म्हणजे इतकं वाईट होतं?"

"न्हाई, न्हाई. चांगलं होतं म्हणून."

"चांगलं होतं म्हणून कुत्र्याला?"

त्यांच्या बंगल्यात कुत्र्याला पाकिटातलं घालत असणार. आक्का मधी पडली. "मॅडम, तो पहिला घास असतोय, उरलेला न्हाई. देवाच्या निवदासारखा. ह्यांच्यात कुत्रं मेंढरं राखतंय, त्याचा मान हाय."

मॅडमनी आकड्यांचा कागद परत बघितला. मग म्हणाल्या, "आणि पावडरवालं तुम्हाला आवडलं नव्हतं?"

मी खाली बघितलं. बावीस वर्षांत तोंडानं म्हणालो न्हाई ते आज कसं म्हणू?

"अहो, मग टाकायचं ना ताटात."

"टाकायचं कसं मॅडम?"

त्यांनी डोक्याला हात लावला. पण बाई सरळ हाय, तेवढं लिहायलाच पाहिजे. म्हणाल्या, मंगळवारी पुण्याहून साहेब येतायत, त्यांच्यासमोर एकदा परत घेऊ. "पण या वेळी जे आवडणार नाही ते ताटात ठेवा. स्पष्ट सांगते."

२५ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत सहाजण जमलो. मी म्हणालो, उद्या एक नंबर कुणी खायचा न्हाई, तसाच ठेवायचा. सगळे हो म्हणाले. नकुशीबाई म्हणाल्या, "म्या तर हात बी लावायची न्हाई." हनुमंत म्हणाला, "मला एक नंबर वाईट लागत न्हाई, पण आक्कासाठी टाकतो." जगात ह्याच्यासारखी जीभ पाहिजे, कुठंबी सुखी राहते.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब आले. अंगाला अत्तर एवढं की लसणालाबी वास यायचा न्हाई. खुर्ची टाकून काट्याशेजारी बसले.

पहिलं एक नंबर आलं. मी हाताची घडी घातली. ताट समोर, त्यातनं वाफ निघतीया, साखरेची. पलीकडं ऐकू आलं, नकुशीबाईंनी भाकरी मोडली. त्याच्या पलीकडं हनुमंत ताट पुसतोय. एकेकाचं सुरू झालं. मी तसाच बसलो. मॅडम पुढनं गेल्या, माझ्याकडं बघितलं. आन् मग माझाबी हात गेला. आबा समोर उभा असल्यासारखा गेला. सगळं खाल्लं. आमच्यातलं एकबी माणूस त्या साखरेच्या घासाला हरवू शकलं न्हाई.

मग आक्काचं आलं. पहिला घास मोडला, हात कडेला निघाला, तो मी धरून तोंडाकडं आणला. कुत्र्याचा घास मी खाल्ला. घशात अडकंल वाटलं होतं, पण सरळ उतरला, त्याचंच वाईट वाटलं.

मॅडमनी ताटं काट्यावर ठेवली. साहेबांनी बघितलं. "दोन्ही सारखीच की. रिकामी. मग प्रश्न कुठंय? पावडर स्वस्त पडते." खुर्ची मागं सरकली. सैपाकघराच्या दारात आक्का उभी होती, हातात पातेलं. तिनं ते खाली ठेवलं न्हाई, नुसतं बघत राहिली. भाऊ, वहिनी, धनश्री, सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी खणातनं डोकं बाहेर काढलं आन् म्हणालो, "आक्का, अजून वाढ."

मॅडम म्हणाल्या, "सँपल एकदाच असतं, बिरदेव."

"मग सँपल नको. जेवायला वाढा. दोन नंबर."

मग नकुशीबाईंचा आवाज आला, "मला बी. आन् भाकरी जरा थोरली." त्यांच्या पलीकडनं ताट प्लायवूडवर वाजलं. मग आणखी एक. हनुमंत म्हणाला, "मला काहीबी चालतंय, पण आता तेच द्या."

साहेब मॅडमकडं बघाया लागले. मॅडमनी विचारलं, "आणि एक नंबर कुणाला हवंय?"

कुणी खोकलं सुद्धा न्हाई.

आक्का खणाखणापुढं वाढत आली. माझ्या ताटात तिनं एवढं वाढलं की पिठलं थोडं टेबलावर सांडलं. साहेबांनीबी शेवटी एक चमचा मागितला.

४ मार्च

दोन नंबर घेतला. आक्का कायम झाली. मॅडमनी काटा कपाटात ठेवला आन् आता प्रत्येक सँपलचं जादा करून ठेवतात, कोण परत मागतंय ते बघतात. उपमा अजून कुणी मागितला न्हाई.

पिवळीला आज अख्खी भाकरी घातली. तिला काय ठावं कशाची.

१८ एप्रिल

शिरूरला भरणा बाजारचं नवं दुकान निघालं. माल उतरवायला मला ट्रकबरोबर पाठवलं. आत एवढं गार की दुधाला विरजण लागायचं न्हाई. फळीवर आक्काचं पिठलं मांडलेलं. पाकिटावर नथ घातलेली, पांढऱ्या केसांची हसरी म्हातारी. आक्काच्या केसात एक पांढरा न्हाई आन् ती नथ घालत न्हाई.

मागल्या बाजूला बारीक अक्षरात काय काय घातलंय ते होतं. लसूण चौथा. त्याच्या वर साखर.

खालच्या फळीवर उपमा, पनीर आन् चकली. सगळा घोळका भेटला. चकलीनं वळख दाखवली न्हाई. एक बाई टोपलीत पिठल्याची चार पाकिटं टाकून गेली, किंमतबी बघितली न्हाई तिनं.

२० एप्रिल, रविवार

आक्कानं यवतच्या नव्या खोलीवर जेवायला बोलावलं. एकच खोली, पत्र्याची, पण दाराला कडी तिची. धनश्रीनं मला पाट दिला. आक्कानं ताट वाढलं, पिठलं-भाकरी, आन् समोर बसून बघत राहिली.

पहिल्याच घासाला कळलं. पाकिटातलं होतं. साहेबांनी शहराच्या तोंडासाठी मिरची काढून साखर घातली, ती आक्काच्याच हातानं घालून घेतात रोज. मी खाल्लं. ताट पुसलं.

"कसं वाटलं?" आक्कानं मॅडमसारखंच विचारलं.

"चांगलं हाय."

तिनं ताटाच्या कडेला बघितलं. तिथं काही नव्हतं.

"मला काटा लागत न्हाई," म्हणाली. उठून कोपऱ्यातनं दुसरं पातेलं आणलं. झाकण काढलं तवा लसणाच्या वासानं धनश्री शिंकली. आक्कानं माझ्या त्याच ताटात वाढलं. मी घास मोडला, कडेला ठेवला. तिनं ते बघून घेतलं आन् मग स्वतःचं ताट घेऊन बसली. धनश्रीला वाढलं, तिनं संपवून परत ताट पुढं केलं. मग आक्कानं स्वतःलाबी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सुरतचं पुढच्या महिन्यात बघू.